फुलावरून आमरी ओळखताना

आयुर्वेदात 'रास्ना' नावाचे एक प्रसिद्ध औषध आहे. संधिवातावरच्या अनेक काढ्यांत व तेलांत ते सांगितलेले असते. परंतु रास्ना म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, असे विचारले तर प्रांताप्रांतांत निरनिराळे उत्तर मिळते. उत्तर भारतात सूर्यफुलाच्या कुळातील प्लुचिया लॅन्सिओलाटा या झुडपाला रास्ना म्हणतात. दक्षिणेत कुलिंजनाचे गड्डे रास्ना म्हणून वापरतात. बंगालकडे झाडावर वाढणाऱ्या एका ऑर्किडच्या मुळ्या रास्ना म्हणून घेतल्या जातात. त्या ऑर्किडच्या मुळ्या मिळाल्या नाहीत, तर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या ऑर्किडच्या मुळ्याही त्या नावाखाली जातात. नाव एक, वस्तू चार! घेणाऱ्याला आपण काय घेतले ते कळत नाही आणि जंगलातून काय नाहीसे झाले तेही कोणाला कळत नाही.

सारख्या दिसणाऱ्या दोन वनस्पती वेगळ्या ओळखता येणे ही केवळ वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेपुरती बाब नाही, एवढे यावरून लक्षात यावे. आपले म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. येथून राणीपूरमार्गे तोरणमाळला जाणारा रस्ता समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीच्या पठारावर पोचतो. या वाटेवरच्या मोह, आंबा, साग, सादडा यांच्या वनात आणि पावसाळी गवतात ऑर्किडसारख्या वनस्पती शोधण्याची संधी आपल्या विद्यार्थ्यांना घराजवळच मिळते. ती ओळख कशी करावी, कोणत्या खुणांवर भरवसा ठेवावा आणि कोणत्या खुणा फसवतात, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगायचे आहे.

ऑर्किड म्हणजे बांडगूळ नव्हे

मराठी वनस्पतिग्रंथांत ऑर्किडला 'आमर' किंवा 'आमरी' असे नाव आहे. जगात आमरीच्या सुमारे २८,००० जाती आहेत. भारतात त्यांपैकी बाराशेहून अधिक व महाराष्ट्रात शंभराहून अधिक जाती आढळतात. त्यांचे ढोबळ दोन गट करता येतात. काही आमरी झाडाच्या फांदीवर वाढतात, तर काही जमिनीत कंद धरून पावसाळ्यात वर येतात.

झाडावरच्या आमरीबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. ती बांडगूळ आहे आणि झाड शोषून घेते, असे समजून आंब्याची साफसफाई करताना तिलाही ओरबाडून टाकतात. वास्तविक बांडगुळाची मुळे फांदीच्या आत शिरतात आणि झाडाच्या रसातून पाणी व क्षार ओढतात. आमरीची मुळे सालीला केवळ चिकटलेली असतात. पावसाचे पाणी, हवेतील दमट वाफ आणि सालीवर साठलेला पालापाचोळा एवढ्यावर ती जगते आणि आपल्या हिरव्या पानांत स्वतःचे अन्न स्वतः तयार करते. झाड तिचे घर आहे, ताट नव्हे. गंमत अशी की झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला संस्कृतात व आपल्या बोलीभाषांत असलेल्या 'वंदा', 'वांदा' या शब्दावरूनच 'व्हॅन्डा' हे एका ऑर्किड प्रजातीचे शास्त्रीय नाव पडले. १८२० साली ते ग्रंथात रूढ झाले. म्हणजे नावापासूनच गोंधळाला सुरुवात आहे.

शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते, हे येथेच सांगून ठेवतो. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या समूहाचा. दुसरा शब्द त्या विशिष्ट जातीचा. हा दुसरा शब्द पुष्कळदा लॅटिन किंवा ग्रीक असतो आणि त्याचा अर्थ समजला तर ओळखीची खूण त्यातच सापडते. पुढे याची उदाहरणे येतील.

फुलाचे भाग समजून घ्या

आमरीचे फूल पाहताना पुढील भाग नावानिशी ओळखता आले पाहिजेत.

सर्वांत बाहेर ३ संदले असतात. जास्वंदीच्या कळीवर जे हिरवे आवरण असते तीच ही संदले, पण आमरीत ती हिरवी न राहता रंगीत होतात आणि पाकळ्यांसारखी दिसतात. त्यांच्या आत ३ पाकळ्या असतात. त्यांपैकी दोन पाकळ्या एकमेकींसारख्या असतात व तिसरी अगदी वेगळी असते. ही तिसरी पाकळी म्हणजे 'ओठ'. कीटकाने येऊन बसावे म्हणून जणू पुढे मांडलेला पाट. बहुतेक आमरींत हा ओठ तीन खंडांचा असतो, म्हणजे दोन बाजूंचे दोन खंड व मधला एक खंड.

पुष्कळ जातींत ओठाच्या बुडाशी मागे किंवा खाली गेलेली एक पोकळ नळी असते. तिला शुंडिका म्हणतात. बऱ्याचदा हिच्यात मध असतो. फुलाच्या मध्यभागी एक लहानसा खांब दिसतो, तो 'स्तंभ'. इतर फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर वेगवेगळे असतात, आमरीत ते एकजीव होऊन हा स्तंभ झालेला असतो. परागही भुकटीसारखे सुटे नसतात. त्यांचे गोळे बनलेले असतात, त्यांना परागपुंज म्हणतात. फुलाच्या खाली देठासारखा दिसणारा भाग म्हणजे किंजपुट. यातच पुढे बी तयार होते. कळी उमलण्यापूर्वी हा भाग पीळ खातो व त्यामुळे वर असलेला ओठ खाली येतो. पुष्कळ आमरींच्या फुलाच्या देठावर हा पीळ उघड्या डोळ्यांनीही दिसतो.

तीन संदले, दोन पाकळ्या, एक ओठ, एक स्तंभ आणि असल्यास शुंडिका, एवढे पाठ झाले की अर्धे काम झाले.

रंग फसवतो, ओठ सांगतो

नवशिका मनुष्य सर्वप्रथम रंग पाहतो. रंग पाहू नये असे नाही, पण त्यावर एकट्यावर विसंबू नये. एकाच जातीतील दोन रोपांच्या फुलांचा रंग गडद-फिकट असू शकतो. ताज्या फुलाचा रंग चार दिवसांनी उतरतो. कागदात दाबून वाळवलेल्या नमुन्यात तर मूळ रंग फारसा उरतच नाही. म्हणूनच वनस्पतिशास्त्रज्ञांनी आकार, खंडांची संख्या व मापे यांवर अधिक भर दिला.

ओठ व शुंडिका या खुणा अधिक विश्वासाच्या का, यालाही कारण आहे. आमरीचे परागपुंज एका फुलातून दुसऱ्या फुलात नेण्याचे काम कीटक करतात. कीटकाने कोठे बसावे, तोंड किती आत घालावे आणि परागपुंज त्याच्या अंगाला नेमके कोठे चिकटावेत, हे ओठ, शुंडिका व स्तंभ यांची घडण ठरवते. मापात मोठा फरक पडला तर कीटकाशी जुळणी बिघडते व बी धरत नाही. त्यामुळे या भागांची घडण त्या जातीत बऱ्याच अंशी टिकून राहते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मादागास्कर बेटावरचे आहे. तेथील एका पांढऱ्या आमरीची शुंडिका सुमारे ३० सेंटिमीटर लांब असते आणि मध असतो तो अगदी तळाशी. चार्ल्स डार्विन याने १८६२ साली असे लिहिले की, एवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. त्या वेळी हे अनेकांना हास्यास्पद वाटले. डार्विन १८८२ साली वारला. पुढे १९०३ साली तशा लांब सोंडेच्या पतंगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. फुलाच्या मापावरून न पाहिलेल्या कीटकाचा अंदाज बांधता आला, यावरून ही मापे किती अर्थपूर्ण असतात ते ध्यानात येते.

आता प्रत्यक्ष सारख्या दिसणाऱ्या जातींकडे वळू.

व्हॅन्डा की अकाम्पे?

रास्नेच्या संदर्भात ज्या ऑर्किडचा उल्लेख आला ती व्हॅन्डा टेसेलाटा. पानगळीच्या वनात, आंबा-मोहासारख्या झाडांवर ही वाढते. पाने चामड्यासारखी, लांबट, मध्यशिरेवर दुमडलेली आणि खोडाच्या दोन्ही बाजूंना ओळीने असतात. मुळ्या जाड, पांढुरक्या व लोंबणाऱ्या असतात. याच प्रकारच्या झाडांवर अकाम्पे प्रीमॉर्सा नावाची दुसरी आमरी सापडते. तिचीही पाने चामडी, दोन ओळींत आणि मुळ्याही तशाच जाड. 'प्रीमॉर्सा' म्हणजे टोक चावून तोडल्यासारखे. अकाम्पेच्या पानाचे टोक तसे असते खरे, पण व्हॅन्डाच्या पानाचे टोकही कुरतडल्यासारखेच दिसते! अकाम्पेचे पान अधिक जाड व सपाट असते, एवढाच काय तो फरक, आणि तो सरावाशिवाय कळत नाही. केवळ मुळ्या हाती आल्या तर सामान्य माणसाला भेद करणे जवळजवळ अशक्य.

फूल आले की मात्र शंका राहत नाही. व्हॅन्डा टेसेलाटाचे फूल ४ ते ५ सेंटिमीटर रुंद असते. संदले व पाकळ्या आतून पिवळसर हिरव्या आणि त्यांवर तपकिरी रेषांची चौकट-चौकट जाळी. 'टेसेलाटा' या शब्दाचा अर्थच चौकटी-चौकटीचा, फरशी बसवल्यासारखा असा आहे. पाकळीची मागची बाजू पांढरी आणि ओठ जांभळा किंवा निळसर. उन्हाळ्यात व पावसाच्या तोंडावर हिचा बहर असतो.

अकाम्पे प्रीमॉर्साची फुले त्या मानाने अगदी लहान, दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर. ती मांसल असतात व आखूड देठावर गुच्छाने येतात. पिवळ्या रंगावर तांबूस तपकिरी आडवे पट्टे असतात, जाळी नसते. ओठ पांढरा, त्यावर बारीक ठिपके. जांभळा ओठ दिसला तर ती अकाम्पे नव्हे.

याच गोंधळात तिसरी भर घालते व्हॅन्डा टेस्टेसिया. हिची पाने लहान, फुले सुमारे दोन सेंटिमीटर, पिवळी आणि साधी. ओठ मात्र निळसर जांभळा. म्हणजे ओठाचा रंग टेसेलाटासारखा, पण पाकळ्यांवर जाळी नाही आणि फूल निम्म्याहून लहान. येथे दोन खुणा एकत्र पाहाव्या लागतात, जाळी आणि आकारमान. एका खुणेवर निकाल देऊ नये, हा धडा यातून घ्यावा.

सीतेची वेणी कोणती?

मे-जून महिन्यांत झाडावरून गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचा झुबका लोंबताना दिसला की कोणी त्याला 'सीतेची वेणी' म्हणतात, कोणी 'द्रौपदीची वेणी'. ही नावे गोड आहेत, पण ती एकाहून अधिक जातींना लावली जातात. त्यांत मुख्य दोन. एक रिंकोस्टायलिस रेटुसा, जी आसामचे राज्यफूल आहे. दुसरी एरिडिस मॅक्युलोसा. ही भारतीय द्वीपकल्पातच आढळते व सह्याद्रीखेरीज मध्य प्रदेशाकडील डोंगरांतही तिची नोंद आहे.

दोन्हींची फुले पांढरट गुलाबी, दोन्हींवर ठिपके, दोन्ही लोंबत्या. मग फरक कसा करावा?

प्रथम तुरा पाहावा. रिंकोस्टायलिसचा तुरा खरोखर वेणीसारखा, गोल, गच्च भरलेला असतो. एका तुऱ्यात शंभराहून अधिक फुले असू शकतात आणि मधली दांडी दिसतच नाही. एरिडिसचा तुरा त्या मानाने विरळ असतो व त्याला कधी कधी फाटाही फुटतो.

नंतर ओठ पाहावा. खरी खूण येथे आहे. रिंकोस्टायलिसचा ओठ अखंड, पाचरीच्या आकाराचा असतो. त्याला बाजूचे खंड जवळजवळ नसतातच. त्याच्या बुडाशी चपटी पिशवी असते व ती मागच्या बाजूला वळलेली असते. एरिडिसचा ओठ तीन खंडांचा असतो आणि त्याची आखूड शुंडिका शिंगासारखी वळून ओठाच्या खाली पुढच्या दिशेने येते. फूल बाजूने धरून पाहिले की मागे वळलेली पिशवी आणि पुढे वळलेले शिंग हा भेद लहान मुलालाही दिसतो. समोरून काढलेल्या छायाचित्रात मात्र तो लपतो. म्हणून फूल नेहमी बाजूनेही पाहावे.

एरिडिसमध्येही पुन्हा सारख्या जाती आहेत. सह्याद्रीत एरिडिस क्रिस्पा मिळते. तिची फुले मॅक्युलोसापेक्षा मोठी असतात. 'मॅक्युलोसा' म्हणजे ठिपकेवाली. तिच्या संदलांवर व पाकळ्यांवर जांभळे ठिपके असतात. क्रिस्पाच्या संदलांवर ठिपके नसतात, पण ओठाच्या मधल्या खंडाची कड झालरीसारखी कातरलेली व चुणीदार असते. 'क्रिस्पा' म्हणजे कुरळी, चुणीची. अर्थ लक्षात ठेवला की खूण आपोआप लक्षात राहते.

पांढऱ्या फुलांच्या हॅबेनारिया

आता जमिनीवर येऊ. जुलै ते सप्टेंबर या काळात डोंगरउतारावरच्या गवतात पांढऱ्या फुलांचे दांडे उभे राहतात. यांतील पुष्कळशा हॅबेनारिया या प्रजातीच्या असतात. लॅटिनमध्ये 'हॅबेना' म्हणजे वादी किंवा लगाम. लांब शुंडिकेमुळे हे नाव पडले. महाराष्ट्रात हॅबेनारियाच्या अनेक जाती आहेत आणि लांबून त्या सर्व सारख्याच पांढऱ्या दिसतात. येथे क्रमाने तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, पाने किती व कशी? जमिनीला अगदी चिकटलेले, गोलसर असे एकच पान असेल आणि फुले मोजकी असतील तर ती हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस असण्याचा संभव फार. जमिनीला चिकटलेली पाने एकाहून अधिक, आणि दांड्यावर सुवासिक फुलांची दाटी असेल तर हॅबेनारिया रॉक्सबर्गीचा विचार करावा.

दुसरा प्रश्न, ओठाचे खंड कसे आहेत? रॉक्सबर्गीच्या ओठाचे तिन्ही खंड दोऱ्यासारखे अरुंद असतात. हॅबेनारिया प्लँटाजिनिया व हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा या दोन जातींत मधला खंड अरुंद, पण बाजूचे खंड पंख्यासारखे रुंद असतात. म्हणजे ओठाने चार जातींचे दोन गट पाडून दिले.

तिसरा प्रश्न, शुंडिका किती लांब? प्लँटाजिनिया आणि लाँगिकॉर्निक्युलाटा यांचा ओठ सारखा असल्याने येथे मोजपट्टी काढावी. प्लँटाजिनियाची शुंडिका साधारण ३ ते ४ सेंटिमीटरच्या घरात असते. लाँगिकॉर्निक्युलाटाची १० सेंटिमीटरच्या आसपास जाते व फुलाखाली लोंबत राहते. 'लाँगिकॉर्निक्युलाटा' म्हणजे लांब शिंगाची. हे नाव ज्याने दिले तो जॉन ग्रॅहॅम मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी होता. मुंबई परिसरातील वनस्पतींची त्याची सूची १८३९ साली छापली गेली. वनस्पतींचा अभ्यास हा काही केवळ प्राध्यापकांचाच प्रांत नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांनी यावरून ध्यानी घ्यावे.

लांब शुंडिकेची आणखी एक पांढरी आमरी म्हणजे पेक्टिलिस जायगँटिया. पण तिची फुले पंजाएवढी मोठी, ओठाच्या बाजूच्या खंडांची कड झालरीसारखी चिरलेली, आणि उंच दांड्यावर खालपासून वरपर्यंत पाने. लाँगिकॉर्निक्युलाटाची पाने बुडाजवळच असतात. या दोहोंत गल्लत होण्याचे कारण नाही.

काही जातींत पान एकटेच पुरेसे बोलके असते. हॅबेनारिया मार्जिनाटाच्या पानाला पिवळसर काठ असतो आणि 'मार्जिनाटा' म्हणजेच काठाची. अशा जाती थोड्या. एरवी फुलाची वाट पाहणेच शहाणपणाचे.

नावानेच सांगितलेला डोळा

सहलीनिमित्त आपल्यापैकी अनेकजण महाबळेश्वर किंवा कोकणाकडे जातात. तेथे झाडांवर, पाने गळालेल्या कांड्यांवर पांढऱ्या फुलांच्या ओळी दिसतात. या डेंड्रोबियमच्या दोन जाती. डेंड्रोबियम बार्बाट्युलम व डेंड्रोबियम ओव्हाटम. या दोन इतक्या सारख्या आहेत की एकीच्या चित्राखाली दुसरीचे नाव छापलेले पुष्कळदा आढळते.

बार्बाट्युलमचे फूल पांढरे किंवा किंचित गुलाबी झाक असलेले, पाकळ्या रुंद. 'बार्बाट्युलम' म्हणजे बारीक दाढी असलेली. ओठावर केसांचा झुबका असतो. ओव्हाटमचे फूल दुधाळ पिवळट, पाकळ्या अरुंद आणि ओठाच्या बुडाशी हिरवी छटा. या ओव्हाटमलाच पूर्वी 'क्लोरॉप्स' असे नाव होते. त्याचा अर्थ हिरव्या डोळ्याची. आज ते नाव मान्य नसले तरी खूण अजून कामाची आहे. बहराचा काळही मदतीला येतो. ओव्हाटम सामान्यतः हिवाळ्याच्या आरंभी फुलते आणि बार्बाट्युलम हिवाळा सरता सरता. मात्र काळ ही साहाय्यक खूण समजावी. पाऊस पुढेमागे झाला की बहरही पुढेमागे होतो.

कंद खणण्यापूर्वी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. युलोफिया या प्रजातीच्या जमिनीतील आमरींचे कंद आदिवासी समाजात खाण्यासाठी व औषधासाठी पूर्वापार वापरले जातात. बाजारात ते 'अमरकंद' या नावाने ओळखले जातात. यांत युलोफिया ऑक्रिएटा फिकट पिवळ्या फुलांची व ओठावर बारीक चामखिळींच्या ओळी असलेली. युलोफिया हर्बेसियाची संदले हिरवट, पाकळ्या व ओठ पांढरे, ओठावर झालरीसारख्या रेषा. फुलावर असताना या दोन जाती दहा पावलांवरून वेगळ्या कळतात. कंद मात्र खणून टोपलीत पडले की एकच नाव, एकच भाव.

घरापुरते दोन कंद काढणे वेगळे आणि मागणी आली म्हणून डोंगर उकरणे वेगळे. आमरीचे एक फळ हजारो बिया देते, पण त्या धुळीसारख्या बारीक असतात. रोपाला सुरुवातीस लागणारी शिदोरी त्या बीजात नसते. मातीतील विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजते आणि फुलावर येण्यास पुढे काही वर्षे लागतात. गहू-ज्वारीप्रमाणे पेरून ती परत आणता येत नाही. म्हणून ओळखीसाठी रोप उपटणे किंवा कंद खणणे पूर्णपणे टाळावे. सर्व जातींच्या ऑर्किडचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइटिस' या कराराने नियंत्रित केला आहे आणि भारत १९७६ पासून त्या करारात आहे. पण कायद्याच्या आधी आपली नजर पोचली पाहिजे. जिला आपण ओळखतच नाही ती नाहीशी झाली, हे आपल्याला कळणार तरी कसे?

नोंद कशी ठेवावी

विद्यार्थ्यांनी एक शंभर पानी वही, शिसपेन्सिल, सहा इंची पट्टी व शक्य तर एक भिंग एवढे साहित्य जवळ ठेवावे. फूल दिसल्यावर पुढील क्रमाने नोंद करावी.

१. तारीख, ठिकाण, झाडावर की जमिनीत. झाडावर असल्यास कोणत्या झाडावर.

२. पानांची संख्या, ती जमिनीला चिकटलेली की उभी, टोक व काठ कसा.

३. तुरा उभा की लोंबता, गच्च की विरळ, फुले साधारण किती.

४. फूल समोरून, बाजूने व मागून पाहून चित्र काढावे. मोबाइलवर छायाचित्र घेत असल्यास तिन्ही बाजूंनी घ्यावे व फुलाशेजारी पट्टी धरावी.

५. ओठाचे खंड किती, कड साधी की झालरीची, शुंडिका आहे का, कोणत्या दिशेला वळली आहे, लांबी किती.

६. रंग सर्वांत शेवटी लिहावा. एकाच रोपाची किमान तीन फुले व शक्य तर दोन-तीन रोपे पाहावीत.

आतील भाग पाहायचा असल्यास खाली गळून पडलेले फूल घ्यावे. नाव खात्रीचे नसेल तर प्रजातीचे नाव लिहून जातीची जागा मोकळी सोडावी. मोकळी जागा चुकीच्या नावापेक्षा बरी, कारण ती पुढे भरता येते.

नोंदी पडताळण्यासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुनी-नवी पुस्तके पाहावीत. कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. सांतापाव व कापडिया यांचे मुंबई इलाख्यातील ऑर्किडवरचे पुस्तक १९६६ सालचे आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा महाराष्ट्रातील एकदलिकित वनस्पतींचा खंड १९९६ साली प्रसिद्ध झाला. जुन्या पुस्तकांत आपला भाग 'खानदेश' या नावाखाली शोधावा, कारण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी तो धुळे जिल्ह्यात होता.

पुस्तकांइतकाच मोठा आधार आपल्या गावात आहे. डोंगरात आयुष्य गेलेल्या भिल्ल व पावरा समाजातील वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांना कोणते फूल कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात येते हे ठाऊक असते. त्यांच्या बोलीतील नाव विचारून शास्त्रीय नावाशेजारी लिहावे, आणि सांगणाऱ्याच्या परवानगीने लिहावे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायत पातळीवर लोक जैवविविधता नोंदवही करावयाची असते. त्या वहीत 'झाडावरचे एक ऑर्किड' असे मोघम लिहिले तर त्याचा उपयोग काय? तेथे नेमके नाव, जागा, महिना व बोलीतील नाव आले तर पुढच्या पिढीला आपल्या डोंगरावर काय होते व काय उरले, याचा हिशेब मांडता येईल. हे काम आपले विद्यार्थी करू शकतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ओठ पाहणारी नजर, शुंडिका मोजणारी पट्टी आणि खात्री होईपर्यंत नाव न लिहिण्याची शिस्त एवढे लागते.

येत्या पावसाळ्यात तोरणमाळकडे जाल तेव्हा यशवंत तलाव आणि सीताखाई पाहून परत फिरू नका. रस्त्याकडेच्या गवतात वाकून पाहा, आंब्याच्या फांदीकडे मान वर करून पाहा. फूल दिसले तर बाजूने पाहा, मोजा, लिहा आणि जसे होते तसे तेथेच राहू द्या.